समन्सची कोरी बाजू

मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण, मुंबई यांस



मी तालुक्याच्या फौजदारी कोर्टात बेंच क्लार्क होते. न्यायाधीशांच्या आसनाच्या खाली प्रकरणांच्या गठ्ठ्यांनी झाकलेले एक टेबल असते. त्या टेबलामागे तीस वर्षांहून जास्त बसले, रोजनामे लिहिले, तारखा दिल्या. आरोपी उभा राहतो तो आमच्या समोर, त्यामुळे साहेबांना त्याचा चेहरा दिसतो त्याच्या आधी आम्हाला त्याचे हात दिसतात. हातात बहुतेक वेळा चार घड्या घातलेला एक कागद असतो. तो समन्स. हे पत्र त्या कागदाबद्दल आहे.

समन्सच्या दोन प्रती निघतात. बजावणारा पोलीस एक प्रत आरोपीला देतो आणि दुसरीच्या पाठीवर त्याची सही घेऊन ती कोर्टात परत आणतो. कायद्यातच तसे लिहिले आहे. म्हणजे जी प्रत कोर्टाला परत येते तिची पाठ भरलेली असते आणि जी आरोपीच्या घरात राहते तिची पाठ कोरी. माझी विनंती एवढीच, की त्या कोऱ्या पाठीवर साध्या बोलीभाषेत, मोठ्या टायपात, कोर्टात येण्याआधी माणसाला काय माहीत असायला हवे ते छापावे. पुढच्या बाजूचा नमुना फौजदारी प्रक्रियेच्या संहितेच्या अनुसूचीत ठरलेला आहे, त्याला हात लावायची गरज पडणार नाही असे माझी कारकुनी अक्कल सांगते. अडचण असेलच तर वेगळा कागद टाचणीने जोडा.

आपण शिबिरे घेता हे मी पाहिले आहे. शिबिराला सरपंच येतात, शाळेची मुले येतात, हार-तुरे होतात. ज्याला परवा कोर्टात उभे राहायचे आहे तो मात्र त्या गर्दीत नसतो. तो घरी बसून समन्सवरचा नंबर कुणाकडून तरी वाचून घेत असतो.

हे सगळे माझ्या मनात घर करून बसले ते तीनशे रुपयांच्या एका दंडावरून. गणपतीचे दिवस होते. गावाबाहेर चिंचेखाली तीन पत्तीचा डाव पडला होता. सहा जण धरले गेले, पत्त्यांचा जोड आणि काही नोटा मुद्देमाल म्हणून जप्त. जुगाराचा कायदा १८८७ सालचा आहे, इतक्या वर्षांत त्याखाली कोर्टात आलेल्या माणसांची मोजदाद कुणी ठेवली नसेल. या सहांत एक पोरगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा. खेळत होता की बघत होता, ते त्याचे त्याला ठाऊक. व्हरांड्यात त्यांना कुणीतरी शहाण्याने सांगितले, "कबूल म्हणा, तीनशे रुपयांत मोकळे व्हाल. नाहीतर दोन वर्षं तारखा." आत आल्यावर साहेबांनी रीतसर विचारले, गुन्हा कबूल आहे का, स्वखुशीने सांगतोस का. पोराने बाकी पाच जणांकडे पाहिले आणि म्हणाला, "हो, कबूल." दहा मिनिटांत सहा प्रकरणांचा निकाल लागला. रोजनामा मी लिहिला. दंडाची पावती खिशात घालून पोरगा हसत बाहेर पडला.

चार वर्षांनी त्याचे वडील आले. मुलगा पोलीस भरतीत मैदानी आणि लेखी पार झाला होता, हातात चारित्र्य पडताळणीचा फॉर्म होता. एका रकान्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "बाई, ते तीनशे रुपयांचं इथं लिहायचं का?" पावती म्हणजे वाहतूक पोलिसाने फाडलेल्या पावतीसारखी असते, भरली की संपली, असे त्या कुटुंबाने चार वर्षे धरले होते. ती शिक्षा होती. फौजदारी कोर्टाने दोषी ठरवून दिलेली शिक्षा. मी त्यांना सांगितले, लिहा, लपवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या प्रकरणात म्हटले आहे, की किरकोळ गुन्ह्याची बाब असेल तर नेमणूक करणाऱ्याला ती दुर्लक्षित करण्याची मुभा आहे. पण माहिती खरी देणे हे उमेदवाराचे कर्तव्यच. पुढे मुलाचे काय झाले ते मला कळले नाही.

आपण विचाराल, बाई, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? कारकुनाने पक्षकाराला सल्ला द्यायचा नसतो, तो नियम योग्यच आहे. उद्या कारकून सल्ला देऊ लागले तर त्याचे काय काय होईल हे मीच सांगू शकते. म्हणून तर म्हणते, हे काम कागदाने करावे.

आता त्या पाठीवर काय असावे, त्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते सांगते. थोडे लांबेल.

पहिली गोष्ट, हातात आलेला कागद कुठला आहे. पोलीस ठाण्यात चौकशीला बोलावणारी नोटीस वेगळी, कोर्टाचा समन्स वेगळा आणि वॉरंट आणखी वेगळे. लोक तिन्हीला 'कोर्टाचं पत्र' म्हणतात. समन्सवर कोर्टाचा शिक्का असतो, प्रकरणाचा क्रमांक असतो, कलम असते, तारीख असते. नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. आता समन्स मोबाईलवरही येऊ शकतो. त्याला पाठ नसते हे खरे, पण दुसरे पान जोडायला कुणी अडवलेले नाही. मोबाईलवर खोटे समन्सही फिरतात, आणि व्हिडिओ कॉलवर कुणी 'डिजिटल अरेस्ट' केली म्हणून आयुष्याची पुंजी घालवलेली माणसे आपण पेपरात वाचतोच. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही. खरे प्रकरण ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर क्रमांक टाकला की दिसते. हा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक समन्सवर ठळक छापला तर निम्मी धावपळ वाचेल.

जाता जाता, बाई म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या संहितेत आरोपी घरी नसला तर समन्स घरातल्या 'प्रौढ पुरुषा'कडेच देता येई. घरात चार बायका असल्या तरी कागदोपत्री घरात कुणी नाही! नव्या संहितेत 'पुरुष' हा शब्द गेला. चांगले झाले. पण आता समन्स सासूच्या नाहीतर बायकोच्या हातात पडणार. तिला त्यातले काय कळावे, याचीही सोय करायला हवी.

दुसरी गोष्ट भीतीची. समन्स आला की माणसाला वाटते, गेलो की आत टाकतील. म्हणून तो जात नाही. जात नाही म्हणून वॉरंट निघते, आणि मग खरोखरच पोलीस दाराशी येतात. माझ्या टेबलावरून ज्यांच्या नावाची वॉरंटे गेली त्यांतली कितीतरी माणसे मुळात घाबरून घरी बसलेली होती. तपासात ज्याला अटक झाली नव्हती, ज्याने सहकार्य केले आणि ज्याचा गुन्हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा आहे, त्याच्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सतेंदर कुमार अंटील प्रकरणात क्रम घालून दिला आहे. आधी समन्स, तरी आला नाही तर जामीनपात्र वॉरंट, तरी नाही तर अजामीनपात्र. समन्सवर जो स्वतःहून आला त्याचा जामीन अर्ज त्याला कोठडीत न घेताही ऐकता येतो. म्हणजे वेळेवर हजर राहणे हाच मोठा बचाव. या एका वाक्यासाठी पाठीवरची सगळ्यात वरची ओळ द्यावी.

तिसरी गोष्ट पुकाऱ्याची, आणि इथे मला एक म्हातारबाबा आठवतात. बांधावरून भांडण; मारहाण, शिवीगाळ, धमकी, म्हणजे कलम तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा. आमच्या भागात ही तीन कलमे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. आता नव्या भारतीय न्याय संहितेत त्यांचे आकडे बदलले, तरी भांडणे तीच आहेत आणि लोक अजून जुनेच आकडे सांगतात. तर हे बाबा पहिल्या एसटीने साडेनऊला आले. भाकरीची पिशवी मांडीवर घेऊन कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसले. कानाने कमी ऐकू येत होते. साडेअकराच्या सुमारास शिपायाने व्हरांड्यात येऊन त्यांचे नाव तीनदा पुकारले. आडनावाचा उच्चार शिपायाने असा केला, की ऐकू येणाऱ्यालाही कळले नसते. आरोपी गैरहजर, वॉरंट. बाराला बाबा आत आले, टोपी काढून माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, माझं कधी हाय?"

त्या दिवशीचे साहेब समजूतदार होते. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज त्याच दिवशी आला म्हणून लगेच रद्द झाले. पण अर्ज लिहून घेणे, त्याला कोर्ट फी स्टॅम्प लावणे, वकिलाच्या हातापाया पडणे, यात बाबांचा सगळा दिवस गेला आणि एसटीच्या भाड्याच्या कितीतरी पट पैसे गेले. गुन्हा काय, तर सकाळी साडेनऊपासून हजर असणे.

म्हणून पाठीवर लिहावे: आल्यावर आधी दारावरचा बोर्ड बघा. बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. आपला क्रमांक सापडला की शिपायाला किंवा बेंच क्लार्कला 'मी आलोय' एवढे सांगा. मग दाराच्या आसपासच थांबा, चहाला जायचे तर सांगून जा. ऐकू कमी येत असेल तर सोबत कुणाला तरी आणा. पुकाऱ्याला नसलात आणि नंतर पोहोचलात तर घरी जाऊ नका, त्याच दिवशी अर्ज द्या. आणि एक फसवी जागा आहे, तीही सांगावी. कोणी म्हणाले 'आज साहेब रजेवर आहेत', की लोक आनंदाने परत जातात. साहेब रजेवर असले तरी तारीख पडते. ती घेतल्याशिवाय निघायचे नाही, आणि ती घरच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहायची. खरोखर येणे अशक्य असेल, दवाखाना असेल, घरात मयत झाली असेल, तर वकिलामार्फत त्या दिवसापुरता हजेरी माफीचा अर्ज देता येतो. न सांगता न येणे आणि सांगून न येणे यांत रोजनाम्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एका ठिकाणी मी 'अर्ज मंजूर' लिहायची, दुसऱ्या ठिकाणी 'वॉरंट'.

वकिलाबद्दल आपल्याला मी काय सांगावे, तो तर आपलाच विषय. तरी कोर्टात येणाऱ्यांतल्या बहुतेकांना हे माहीत नसते, की सरकारी खर्चाने वकील मिळणे हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाई असेल तर तिचे उत्पन्न विचारायचे नाही. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, दिव्यांग, कोठडीत असलेला, कारखान्यातला कामगार, यांचेही उत्पन्न बघायचे नाही. बाकीच्यांसाठी आपल्या राज्यात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. अर्ज एका पानाचा असतो. तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय बहुतेक ठिकाणी त्याच आवारात असते, आणि माणूस त्याच्यावरून चालत जाऊन गेटबाहेरच्या दलालाला गाठतो! फोन १५१००. हा आकडा छापायला शाई किती लागणार?

'फुकटचा वकील नीट लढत नाही' अशी कुरकूर मी पुष्कळ ऐकली. काही वेळा ती खरीही निघाली, खोटे कशाला बोलू. पण पैसे मोजून घेतलेला वकीलही तारखेला गायब असतो हे मी त्याहून जास्त वेळा पाहिले आहे. वकील कुणीही असो, त्याचा फोन नंबर, प्रकरणाचा क्रमांक आणि पुढची तारीख या तीन गोष्टी आरोपीच्या स्वतःच्या खिशात हव्यात.

१९८६ चा सुक दास यांचा निकाल इथे मला महत्त्वाचा वाटतो. अरुणाचलमधले प्रकरण, कलम तेच आपले पाचशे सहा. आरोपीला वकील नव्हता, त्याने मागितलाही नव्हता, दोन वर्षांची शिक्षा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्याने मागितला नाही हे कारण चालत नाही, कारण मागता येतो हेच त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याआधी १९७८ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट प्रकरणात, न्यायालयाने मोफत वकिलाचा हक्क घटनेतून काढून दाखवला होता. आणि २०१२ मध्ये कसाबच्या निकालातही लिहिले आहे, की अटकेतल्या माणसाला पहिल्यांदा समोर आणले जाते तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. कसाबला जे मिळायला हवे असे देशाचे सर्वोच्च न्यायालय म्हणते, ते बांधावरच्या भांडणातल्या आमच्या बाबांना समन्सच्या पाठीवर मिळायला काय हरकत आहे?

जामिनाचे थोडक्यात सांगते. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन मागायचा नसतो, तो मिळतोच. पण 'मिळतोच' आणि 'आज संध्याकाळी घरी जातो' यांच्यामध्ये जामीनदार उभा असतो. त्याचा सात-बारा, आधार, रेशन कार्ड, फोटो, कुठे कुठे तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. कागद आदल्या दिवशी गोळा केलेले असले तर काम तासात होते. नाहीतर चुलता ऊसतोडीवर, सात-बारा आजोबांच्या नावावर आणि तलाठी मीटिंगला. गेटबाहेर भाड्याचे जामीनदार मिळतात, त्यांच्या नादाला लागू नये. खोटा सात-बारा लावला तर नवा गुन्हा गळ्यात पडतो. आणि जामीन राहणाऱ्यालाही त्या पाठीवर दोन शब्द सांगावेत. तू नुसती सही करत नाहीस, हा माणूस आला नाही तर तुझ्या खिशातून पैसे जातील.

जामीनदार गरिबाच्या आवाक्याबाहेरचा असू नये, हे १९७८ मध्येच ठरले आहे. मध्य प्रदेशातला मोती राम नावाचा गवंडी. त्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, पण खालच्या दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तोही नाकारला. गवंडी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या स्वतःच्या बाँडवर सोडायला सांगितले. इतकी वर्षे झाली, परजिल्ह्यातल्या जामीनदाराकडे अजूनही कपाळाला आठ्या घालून बघितले जाते. जामीनपात्र गुन्ह्यात अटक होऊन आठवडाभर कुणी जामीनदार मिळाला नाही, तर तो माणूस गरीब आहे असे धरून त्याला स्वतःच्या बाँडवर सोडायचे असते. हे सांगायला त्याच्याकडे कुणी नसते म्हणून तो आतच राहतो.

दोषारोपपत्राच्या नकला आरोपीला मोफत द्यायच्या असतात, आणि नव्या संहितेत त्यासाठी हजर झाल्यापासून चौदा दिवसांची मुदत घातली आहे. नकला घेतल्यावर लोक त्या वकिलाकडे टाकून मोकळे होतात. तसे करू नये. घरी बसून कुणाकडून तरी वाचून घ्यावे. पंचनाम्यात घर पूर्वेला लिहिले असेल आणि ते पश्चिमेला असेल तर ते वकिलाला कसे कळणार? वॉरंट प्रकरणात, म्हणजे जरा जड शिक्षेच्या गुन्ह्यांच्या खटल्यात, दोषमुक्तीचा अर्ज नकला मिळाल्यापासून साठ दिवसांत द्यायचा आहे, हेही नवीन. पूर्वी असा काटेकोर हिशेब नव्हता.

आणि आता 'कबूल'. इथे मी जास्त जागा मागणार आहे.

कोर्ट विचारते, गुन्हा कबूल आहे का? 'नाही' म्हणणे म्हणजे उद्धटपणा असे अनेकांना वाटते. साहेबांसमोर नाही कसे म्हणायचे! 'नाकबूल' म्हणजे एवढेच, की सरकारने सिद्ध करावे. त्याने साहेबांना राग येत नाही, येऊ नये. उलट 'कबूल' म्हटले की पुरावा लागत नाही, साक्षीदार लागत नाहीत, आणि नंतर अपिलात 'मी केलेच नव्हते' म्हणता येत नाही. शिक्षा फार झाली किंवा बेकायदा झाली, एवढेच म्हणता येते. संहिता सांगते, की आरोपीचे उत्तर शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आमच्याकडे छापील फॉर्म असायचा, त्यात 'होय' किंवा 'नाही'. माणूस म्हणायचा, "होतो तिथं, पण हात उचलला नाही." फॉर्ममध्ये त्याचे 'होय' व्हायला वेळ लागायचा नाही. चांगले साहेब तिथे थांबून विचारायचे, 'म्हणजे काय रे?' घाईच्या दिवशी कोण थांबणार?

दारूबंदीच्या, जुगाराच्या, छोट्या मारामारीच्या केसेस कबुलीवर एका दुपारी डझनाने संपतात. दंडासोबत कधी 'कोर्ट उठेपर्यंत कैद' होते. मग माणूस भिंतीकडच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसतो आणि मला विचारतो, "बाई, चहा पिऊन येऊ का?" आपण या क्षणी कैदी आहोत याचा त्याला पत्ता नसतो.

कबूल कधीच करू नये असे मी म्हणत नाही. चूक झाली असेल, माणसाला ती सांगून मोकळे व्हायचे असेल, तर तो त्याचा मार्ग आहे. त्यातही १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडण्याची विनंती करता येते आणि तशी सुटका झाली तर शिक्षेसोबत येणारी अपात्रता लागत नाही. न्याय संहितेत काही किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षाही आली आहे. पण हे बोलायला आधी माहीत तर हवे. पाठीवर छापावे: 'कबूल म्हणण्याआधी वकिलाशी बोला. वकील नसेल तर साहेबांना सांगा, मला वकील हवा आहे.' दुसरे वाक्य उच्चारायला फार धीर लागतो, म्हणून ते छापलेले असले तर माणूस नुसते बोट ठेवून दाखवील.

तडजोड आणि कबुली यांची तर लोक सर्रास गल्लत करतात. बांधावरचे भांडण, शिवीगाळ, साधी मारहाण यांत फिर्यादी तयार असेल तर तडजोड होऊ शकते, आणि तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा असतो. शेजारी-शेजारी दोघेही मिटवायला तयार, आणि तरी आरोपी 'मिटवायचंय साहेब' असे म्हणत कबुलीवर सही करून बसलेला मी पाहिला आहे. दोन्ही कागद त्याला सारखेच दिसले. मात्र तडजोडीसाठी फिर्यादीच्या घरी रात्री जाऊन दार ठोठावू नये, साक्षीदारांना गाठू नये. त्याने जामीनच धोक्यात येतो. जे बोलायचे ते वकिलांमार्फत आणि कोर्टासमोर.

शेवटी आरोपीचा जबाब. साक्षीपुरावा झाल्यावर साहेब आरोपीला प्रश्न विचारतात, जुन्या भाषेत 'तीनशे तेराचा जबाब'. यात शपथ दिली जात नाही. उत्तर न देण्याचाही हक्क आहे आणि त्याबद्दल शिक्षा होत नाही. तरी दिलेली उत्तरे कोर्ट विचारात घेऊ शकते. बायका इथे सगळे घरचे सांगत सुटतात, पुरुष घाबरून सगळ्याला 'हो' म्हणतात. प्रश्न नीट ऐकावा, कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगावे, ही शुद्ध सोय आहे. आपल्या तालुका कोर्टाची भाषा मराठी आहे, इंग्रजी कळले नाही म्हणून लाजायचे काही कारण नाही.

बाकी मोबाईल बंद ठेवा, साहेब आले की उभे राहा वगैरे शिपाई सांगतोच. कुणी 'साहेबांची ओळख आहे' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, हेही लिहावे. माझ्या टेबलाशी अशी ओळख सांगणारे रोज कुणी ना कुणी यायचे आणि साहेबांना त्यांचे नावही ठाऊक नसायचे.

एवढे सगळे एका पानाच्या पाठीवर मावणार नाही, हे मलाही कळते. वीस ओळी निवडा. पण टाईप मोठा ठेवा. समन्स वाचणाऱ्याचा चष्मा बहुतेक वेळा घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी नाकावर असतो. आणि 'उपरोक्त', 'सबब', 'कसूर' हे शब्द पुढच्या बाजूलाच राहू द्या.

पोलीस भरतीचा फॉर्म घेऊन आलेल्या त्या वडिलांनी चार वर्षांपूर्वीचा समन्सही जपून आणला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत, घड्यांवर फाटत आलेला. त्यांनी तो माझ्यासमोर उलटा ठेवला. कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने कुणीतरी एसटीची वेळ लिहून ठेवली होती, ८.४०.

आपली,
एक निवृत्त बेंच क्लार्क